मुंबई : दगडी इमारती, बिबटे आणि रोहित पक्षी; सीमाभागातून जाणाऱ्यांसाठी माहिती

दुबलगुंडी : हुमनाबाद, बसवकल्याण, भालकी, आळंद या पट्ट्यातून मुंबईला जाणं काही नवीन नाही. कुणी कामधंद्याला जातं, कुणी परळच्या दवाखान्यात पेशंट घेऊन जातं, कुणी पाहुण्यांच्या लग्नाला. रात्रभर गाडीत बसून माणूस सकाळी सीएसएमटीला उतरतो, पिशवी खांद्याला लावतो आणि टॅक्सी नाहीतर लोकल शोधत पुढं निघतो. ज्या स्टेशनातून तो बाहेर पडला ती इमारत जागतिक वारसा यादीत आहे, हे सांगायला तिथं कुणी थांबलेलं नसतं. आठ-आठ वेळा मुंबई करून आलेल्या माणसाला विचारलं तर तो गर्दी सांगतो, खोलीचं भाडं सांगतो, वडापाव सांगतो.

मुंबईत युनेस्कोच्या यादीतली तीन ठिकाणं आहेत : घारापुरीची लेणी (१९८७), छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (२००४) आणि ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको इमारती (२०१८). त्याशिवाय शहराच्या हद्दीतच बिबट्यांचं जंगल आहे आणि ठाण्याच्या खाडीत दर हिवाळ्यात रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, येतात. समुद्रकाठचं एवढं जुनं शहर आणि एवढं वन्यजीवन लोकलच्या तिकिटात बघायला मिळणं ही दुर्मिळ गोष्ट आहे. बिदर-कलबुर्गीच्या माणसाला आणखी एक कारण आहे. या शहरात त्याच्या स्वतःच्या मुलखाच्या खुणा ठिकठिकाणी आहेत.

बिदरचं सैन्य माहीमला

मुंबई मूळची सात बेटं. कोळ्यांची वस्ती, मुंबादेवीचं ठाणं. गुजरातचे सुलतान, मग पोर्तुगीज, आणि १६६१ च्या विवाह करारात हुंड्यापोटी इंग्लंडचा राजा, असा या बेटांचा ताबा बदलत गेला. राजानं १६६८ मध्ये ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्यानं दिली. एवढा इतिहास बहुतेक पुस्तकांत मिळतो.

त्याच्याही आधीची गोष्ट कमी सांगितली जाते. कलबुर्गीहून राजधानी बिदरला नेणारा बहमनी सुलतान अहमदशहा वली. १४३० च्या आसपास त्याच्या सरदारानं, मलिक-उत-तुज्जारनं, माहीम बेट घेतलं. गुजरातच्या सुलतानानं फौज आणि आरमार पाठवून ते परत मिळवलं. म्हणजे थोडे दिवस का होईना, माहीमवर बिदरची सत्ता होती. सुफी विद्वान मखदूम अली माहिमी त्याच काळातले. त्यांचा दर्गा आजही माहीमला आहे. अष्टूरला जाऊन अहमदशहा वलीची कबर बघितलेल्या माणसाला माहीमचं हे नातं कळलं तर दोन्ही जागा वेगळ्या दिसतात.

स्टेशनातूनच सुरुवात

देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेली. त्याच बोरीबंदरला पुढं फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदानं आजचं टर्मिनस उभारलं. काम १८७८ ला सुरू झालं, १० वर्षं चाललं. प्रवासी लोकलच्या बाजूनं बाहेर पडतात, त्यामुळं इमारत नजरेतून सुटते. रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूला उभं राहायचं आणि मागं वळून बघायचं.

फाटकाच्या दोन खांबांवर एकीकडं सिंह आणि एकीकडं वाघ आहे. सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा. भिंतींवर मोर, माकडं, वेली, पावसाचं पाणी टाकणाऱ्या प्राण्यांच्या तोंडाच्या पन्हळी. यातलं बरंचसं कोरीवकाम जे. जे. कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांच्या हातचं आहे. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना प्राणी मोजायला लावावेत, अर्धा तास सहज जातो. आतलं वारसा संग्रहालय कामाच्या दिवशीच उघडं असतं, तेही दुपारनंतर.

समोरची महापालिकेची इमारतही स्टीव्हन्सचीच, १८९३ ची. तिला मंजूर रक्कम ११,८८,०८२ रुपये होती आणि काम झालं ११,१९,९६९ रुपयांत. ६८,११३ रुपये वाचले. थोड्या अंतरावरच्या हायकोर्टाचाही हिशोब असाच आहे : अंदाज १६,४७,१९६ रुपयांचा, खर्च १६,४४,५२८. वाचले २,६६८ रुपये. गावाकडं साध्या गटारीचं बिल अंदाजपत्रकाच्या आत बसताना बघितलेला माणूस विरळा, म्हणून हे आकडे इथं मुद्दाम दिले. या दोन्ही इमारती आतून बघण्यासाठी २०२१ पासून शनिवार-रविवारी मार्गदर्शकासह फेऱ्या सुरू झाल्या. आधी नाव नोंदवावं लागतं.

एक मैदान, दोन जमाने

वेळ एकच तासाचा असेल तर तो ओव्हल मैदानाला द्यावा. सीएसएमटीहून चालत २० मिनिटं. चर्चगेट स्टेशनला तर ते लागूनच आहे.

मैदानात मधोमध उभं राहिलं की पूर्वेला दगडी इमारतींची रांग दिसते : जुनं सचिवालय, विद्यापीठाचा दीक्षान्त सभागृह, राजाबाई टॉवर, हायकोर्ट. पश्चिमेला सिमेंट-काँक्रीटच्या, गोलसर कोपऱ्यांच्या राहत्या इमारती. दोन्हींच्या मध्ये साठेक वर्षांचं अंतर आहे आणि मधे फक्त क्रिकेट खेळणारी पोरं. २०१८ ला यादीत गेलेल्या ९४ इमारतींचा हा गाभा.

पूर्वेची रांग उभी राहिली ती कापसाच्या पैशाच्या जमान्यात. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि हिंदुस्थानी कापसाला सोन्याचा भाव आला. दख्खन, वऱ्हाड, धारवाड इथला माल मुंबईच्या बंदरात ओतला जाऊ लागला. त्याच सुमाराला गव्हर्नर बार्टल फ्रिअरनं जुन्या किल्ल्याचे तट पाडून जागा मोकळी केली. ‘फोर्ट’ हे नाव राहिलं, तट गेला. १८६५ ला युद्ध संपलं आणि बाजार कोसळला. शेअर आणि कापसाच्या सट्ट्यातला सर्वांत मोठा खेळाडू प्रेमचंद रायचंद, तोही बुडाला. पण बुडण्याआधी त्यानं विद्यापीठाला ग्रंथालयासाठी २ लाख आणि मनोऱ्यासाठी २ लाख देऊन ठेवले होते. मनोऱ्याला आईचं, राजाबाईचं, नाव द्यावं ही त्याची अट. १८७८ ला पूर्ण झालेला ८५ मीटर उंचीचा तो टॉवर अजून तास वाजवतो. सट्टा बुडाला तरी दान टिकलं, असा हा जमाखर्च.

पश्चिमेच्या इमारती १९३० च्या दशकातल्या. समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर त्या बांधल्या. शैलीला आर्ट डेको म्हणतात : जहाजासारखे गोल सज्जे, खिडकीवर भुवईसारखी छज्जी, लोखंडी जाळीत सूर्यकिरणं आणि लाटा, दारावर नक्षीदार अक्षरात इमारतीचं नाव. चर्चगेटसमोरचं इरॉस थिएटर १९३८ चं. हीच शैली पुढं मरीन ड्राइव्हच्या ओळीत दिसते. अमेरिकेतल्या मायामीनंतर या शैलीच्या सर्वांत जास्त इमारती मुंबईत आहेत असं मानलं जातं. या घरांत आजही लोक राहतात, वाळत घातलेले कपडे दिसतात, म्हणून पर्यटकाला ती ‘बघायची’ वाटत नाहीत. तरी बघावीत.

सगळंच नशीबवान नाही. काळा घोड्याजवळची वॉटसन्स हॉटेलची इमारत, आताचं एस्प्लनेड मॅन्शन, इंग्लंडहून आणलेल्या बिडाच्या सांगाड्यावर १८६० च्या दशकात उभी राहिली. ७ जुलै १८९६ ला ल्युमिए बंधूंचे चलचित्रपट हिंदुस्थानात पहिल्यांदा दाखवले गेले ते इथंच. ती इमारत मोडकळीला आली आणि पाडायची की वाचवायची याची कोर्टकचेरी वर्षानुवर्षं चालली. मुंबईनं १९९५ मध्येच वारसा इमारतींसाठी नियमावली केली, देशात सर्वांत आधी. नियम असूनही अशी वेळ येते. बिदरमध्ये महमूद गवानच्या मदरशाभोवतीची गर्दी आणि अतिक्रमणं बघणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

विजापूरचे दोन घुमट

सीएसएमटीला लागूनच मुख्य टपाल कार्यालय आहे. जॉन बेग यानं आराखडा केलेली ही इमारत १९१३ ला पूर्ण झाली. मधल्या दालनात जाऊन वर बघितलं की विजापूर आठवतं, आणि ते बरोबरच आहे. घुमट गोलघुमटावरून घेतलेला आहे. आत स्टॅम्प विकत घेणाऱ्यांची रांग असते, वर मुहम्मद आदिलशहाच्या कबरीची आठवण. आत जायला तिकीट नाही, टपाल कार्यालयच आहे ते.

दुसरा घुमट गेटवेच्या वाटेवर, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा. तोही गोलघुमटाच्या धर्तीवरचा. पायाभरणी १९०५ ची, लोकांसाठी उघडलं १९२२ ला. वास्तुविशारद जॉर्ज विटेट. गेटवे ऑफ इंडियाही त्याचंच काम. इंग्रजांना इमारत ‘देशी’ दिसावीशी वाटली तेव्हा त्यांनी दख्खनकडं बघितलं. संग्रहालय नीट बघायला तीन तास लागतात. एका तासात उरकायचं असेल तर मूर्तींचं दालन आणि लघुचित्रं बघून बाहेर पडावं.

गेटवे ४ डिसेंबर १९२४ ला खुला झाला आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी त्याच्याच खालून परत गेली. फोटो सगळेच काढतात, त्याबद्दल जास्त लिहायची गरज नाही.

तिथूनच घारापुरीच्या बोटी सुटतात. साधारण तासाभराचा प्रवास, वर सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, पुरातत्त्व खात्याचं तिकीट ४० रुपये. सोमवारी लेणी बंद. सहाव्या शतकातली, जवळपास २० फुटी तीन मुखांची शिवमूर्ती एकदा तरी बघण्यासारखी. १८ डिसेंबर २०२४ ला याच मार्गावरच्या एका प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून डझनाहून जास्त माणसं गेली. त्यामुळं बोटीत लाइफ जॅकेट मागून घ्यावं, घट्ट बांधावं, कुणी हसलं तरी हसू द्यावं. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, बोटींचा भरवसा नसतो.

बेटावरच्या ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी ‘एलिफंटा’ नाव दिलं तो हत्ती आता बेटावर नाही. १८६४ ला इंग्लंडला न्यायचा प्रयत्न झाला, क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. जोडलेला हत्ती भायखळ्याच्या राणीच्या बागेत उभा आहे.

बिबट्याच्या रानात मळखेडचा राजा

बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान १०० चौरस किलोमीटरपेक्षा थोडं मोठं आहे. चारी बाजूंनी शहर, आत साग, बांबू, करवंद, आणि विहार व तुळशी हे दोन तलाव. इंग्रजांच्या काळात पाण्यासाठी बांधलेल्या या तलावांतून मुंबईला अजूनही पाणी मिळतं. जंगल टिकायला तेही एक मोठं कारण. उद्यान आणि लगतच्या आरे भागात मिळून बिबट्यांची संख्या पन्नासच्या आसपास मोजली गेली आहे.

एवढी माणसं आणि एवढे बिबटे शेजारी राहतात, यामागं बरंच सोसलेलं आहे. २००२ ते २००४ या काळात हल्ल्यांत अनेक जीव गेले. तेव्हा पकडलेले बिबटे दुसऱ्या ठिकाणी नेऊन सोडण्याची पद्धत होती. अभ्यासकांच्या म्हणण्याप्रमाणे त्यानं प्रश्न वाढला, कारण अनोळखी जागी सोडलेला जनावर बिथरतो आणि वस्तीकडं येतो. पुढं वन खात्यानं पकडापकडी कमी केली, आणि २०११ पासून लोकांना बरोबर घेऊन काम सुरू केलं : कचरा उघडा ठेवायचा नाही, कारण कचऱ्याला कुत्री येतात आणि कुत्र्यांमागं बिबट्या, अंधारात पोरांना एकटं सोडायचं नाही, बिबट्या दिसला तर घेराव घालून आरडाओरडा करायचा नाही. आरेतल्या वारली पाड्यांना यातलं फारसं नवीन नव्हतं. ते वाघोबाला पूर्वीपासून पूजतात. आपल्याकडं उसाच्या फडात बिबट्या दिसल्याची बातमी आली की शंभर जण मोबाइल घेऊन धावतात. त्यांनी हे वाचावं.

दिवसा फिरणाऱ्याला बिबट्या सहसा दिसत नाही. हरणं, माकडं, फुलपाखरं, पक्षी दिसतात. माकडांना खायला घालू नये. उद्यान सोमवारी बंद असतं.

फाटकापासून सहा-सात किलोमीटर आत कान्हेरीची लेणी आहेत. शंभराहून जास्त लेणी, पाण्याची टाकी, कातळात खोदलेले बाक. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकापासून जवळपास हजार वर्षं इथं बौद्ध भिक्खूंची वस्ती होती. नवव्या शतकातले इथले लेख कोकणच्या शिलाहार राजांच्या काळातले आहेत, आणि त्यात त्यांच्या सम्राटाचं नाव येतं : अमोघवर्ष. हा राष्ट्रकूट सम्राट राज्य करायचा मान्यखेटाहून, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या सेडम तालुक्यातल्या मळखेडहून. मळखेडला आज सिमेंटची धूळ आणि पडका किल्ला आहे. पण ११०० वर्षांपूर्वी तिथल्या राजाचं नाव बोरिवलीच्या डोंगरात कोरलं जात होतं. मुंबई-कर्नाटक नात्यावर भाषणं देणाऱ्यांनी हा लेख एकदा जाऊन बघायला हरकत नाही.

खाडीतले रोहित

नोव्हेंबरपासून मेपर्यंत ठाणे खाडीच्या चिखलपट्ट्यांवर रोहित उतरतात. बरेचसे कच्छकडून येतात. ओहोटी लागली की चिखल उघडा पडतो, त्यातलं शेवाळ आणि बारीक जीव हे त्यांचं खाणं. गुलाबी रंगही त्यातूनच येतो. एखाद्या वर्षी संख्या लाखाच्या वर जाते. २०१५ ला इथं अभयारण्य जाहीर झालं, २०२२ ला खाडी रामसर यादीत गेली.

बघण्याची सोयीची जागा ऐरोली. वन खात्याचं सागरी जैवविविधता केंद्र तिथं आहे, बोटीची फेरी मिळते. बोटीची वेळ भरती-ओहोटीवर ठरते आणि रोज बदलते, त्यामुळं आधी बुकिंग केल्याशिवाय जाऊ नये. शिवडीच्या जेट्टीवरून पूर्वी फुकटात हजारो पक्षी दिसत. जानेवारी २०२४ ला खुला झालेला अटल सेतू तिथूनच सुरू होतो आणि आता शिवडीची पूर्वीसारखी खात्री देता येत नाही.

पक्ष्यांचं बरं चाललंय असं म्हणता येत नाही. नेरूळच्या डीपीएस तलावात भरतीचं पाणी येण्याची वाट बंद झाली, तलाव सुकला आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तिथं रोहित मरून पडले. त्याच वर्षी २० मेच्या रात्री घाटकोपरजवळ उतरत्या विमानाला धडकून जवळपास ४० पक्षी गेले. नवी मुंबईच्या रहिवाशांनी तलावासाठी मोर्चे काढले, तक्रारी केल्या. पुढच्या वर्षी राज्य वन्यजीव मंडळानं तलाव राखीव करण्याला मान्यता दिली. खाडी अभयारण्य आहे, पण भरतीच्या वेळी पक्षी ज्या आजूबाजूच्या तलावांवर विसावतात त्या जागांना इमारतींचा भाव आहे. खरी अडचण तिथं आहे.

पेशंटबरोबर राहणाऱ्यांसाठी

सीमाभागातले बरेच जण परळला पंधरा-पंधरा दिवस अडकतात. तपासणी झाली की रिपोर्टसाठी दोन दिवस नुसतं बसून राहायचं. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी रोज तेच चेहरे. अशा माणसाला ‘फिरून या’ म्हणणं कठोर वाटेल. पण नातेवाइकाचंही डोकं ठिकाणावर राहावं लागतं. परळहून भायखळा लोकलनं काही मिनिटांवर, तिथं राणीची बाग : जुनी झाडं, सावली, हत्ती, पेंग्विन. बाग बुधवारी बंद. परळहून सीएसएमटी अर्ध्या तासाच्या आत, टपाल कार्यालयाचा घुमट आणि स्टेशन फुकटात. दोन तासांत परत येता येतं.

जाण्या-येण्याचं

कलबुर्गी ते मुंबई रेल्वेनं सुमारे ५७० किलोमीटर. हुसेनसागर रात्रीतून नेते, उद्यान दिवसातून. बिदर, भालकी, उदगीरकरांना लातूरमार्गे सीएसएमटीची गाडी आहे, पण ती रोज नाही. २०१७ ला बिदर-कलबुर्गी मार्ग सुरू झाल्यापासून हुमनाबादहून कलबुर्गीला रेल्वेनंही जाता येतं. काही गाड्या सीएसएमटीऐवजी कुर्ल्याच्या टर्मिनसला जातात. तिकिटावरचं शेवटचं स्टेशन बघूनच पाहुण्याला कळवावं. फक्त ऐरोलीला जायचं असेल तर ठाण्यालाच उतरावं, तिथून ट्रान्स-हार्बर लोकल आहे.

फोर्ट भाग रविवारी मोकळा असतो, पण रविवारीच लोकलचा मेगाब्लॉक असतो. ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेड ते आरे ही भुयारी मेट्रो पूर्ण सुरू झाल्यानं सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट ही ठिकाणं लोकलशिवायही गाठता येतात. बोरिवलीला सकाळी जावं. त्या वेळची गर्दी उलट्या दिशेनं, चर्चगेटकडं असते. सोमवार मात्र प्रवासात घालवावा, कारण घारापुरी आणि राष्ट्रीय उद्यान दोन्ही बंद.

परतीला उद्यान एक्सप्रेस मिळाली तर दुपारी भिगवण सुटल्यावर झोपू नये. जिंती रोडच्या आधी गाडी उजनीचं पाणी ओलांडते, आणि हिवाळ्यात तिथंही रोहित उतरलेले असतात.